टी आणि वायच्या मधली जागा

डिसेंबर २०२४ मध्ये बाबांनी आमची गाडी सोसायटीच्या बेसमेंटमधल्या खांबावर मागून आपटली. वेग काही नव्हता, पण खांब दिल्लीतल्या बिल्डरने चुकून मजबूत बांधलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक निघाला. डिकीचा पत्रा आत गेला, एक दिवा फुटला. बाबा उतरले, मागे जाऊन बघितलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि लिफ्टकडे चालू लागले. त्यानंतर त्यांनी किल्ली मागितली नाही आणि मीही ती पुढे केली नाही. आठ हजारांचं काम होतं, ते झालं असतं आणि विषय संपला असता. पण गाडी गॅरेजमधून परत आली तेव्हा तिच्यावरची अक्षरं चुकली होती.

गाडी होंडा सिटी, जून २०१० ची, पेट्रोल. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. आम्ही राहतो त्या मयूर विहारपासून तासाभराच्या अंतरावर, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात बनलेली. तो कारखानाही २०२० च्या अखेरीस बंद झाला. डिकीवर रोमन लिपीतली चार चकचकीत अक्षरं: सी, आय, टी, वाय. डेंटिंग-पेंटिंग करताना ही अक्षरं उतरवतात आणि रंग वाळला की परत चिकटवतात. आमच्या पेंटरने सी जरा वर लावला होता, वाय किंचित मागे रेलला होता आणि टीच्या जागी नुसता नवा रंग चमकत होता. विचारलं तर म्हणाला, "टी तो आया ही नहीं था, साहब." वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बाबा बेसमेंटमध्ये आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. रंगाबद्दल, पत्र्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "हे असं पाठवायचं का साताऱ्याला?"

साताऱ्याचा विषय आधीपासून चालू होता. दिल्लीत पेट्रोल गाडीचं आयुष्य १५ वर्षं, डिझेलचं १०. हरित लवादाने २०१४-१५ मध्ये तसं ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केलं. गाडी किती चालली, कशी ठेवली, धूर किती सोडते याच्याशी त्याचा संबंध नाही. वाढदिवस झाला की संपलं. आमचा वाढदिवस जून २०२५ मध्ये येत होता. त्याआधी एनओसी घेऊन गाडी महाराष्ट्रात नेली, तर तिथे तपासणी करून, कर भरून ती पुढे चालवता येते. माझा चुलतभाऊ साताऱ्याला असतो. त्याला गाडी हवी होती, आम्हाला ती भंगारात द्यायची नव्हती. एवढा साधा व्यवहार.

पण बाबा बत्तीस-तेहतीस वर्षं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागात ड्राफ्ट्समन होते. १९६९ मध्ये ते वाईहून दिल्लीला आले, ते निर्माण भवनातल्या नकाशाच्या टेबलाशी, आणि बरीच वर्षं त्यांचं काम दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवर अक्षरं लिहिण्याचं होतं. कुठे जिना, कुठे शौचालय, कुठे उत्तर दिशा. हॉलमध्ये अमोनिया प्रिंटचा वास, हातात शाईचं पेन, टेबलावर टी-स्क्वेअर. स्टेन्सिल सगळ्यांना मिळायची, पण बाबा ती फक्त उंचीसाठी वापरायचे. दोन अक्षरांमधलं अंतर स्टेन्सिल सांगू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. साताऱ्याहून कुणी आलं की जुने मराठी पेपर मागवायचे, तेही बातम्यांसाठी नाही. नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडग्यांनी केलेली शीर्षकं कापून ते एका फाइलला लावायचे. ती फाइल अजून माळ्यावर आहे. पहाडगंजला गणपतीत कापडी फलक रंगवायचे तेव्हा मीही सोबत जायचो, आणि माझं काम डबा धरायचं असायचं. माझं अक्षर वाईट. ते सुधारावं म्हणून बाबांनी चार-पाच वर्षं प्रयत्न केले, मग एका उन्हाळ्यात सोडून दिले. मी पुढे अकाउंट्समध्ये गेलो, जिथे अक्षराचं काम उरलेलंच नव्हतं.

आता त्यांच्या हातांना कंप आहे. डॉक्टर म्हणतात, पार्किन्सन नाही, नुसता कंप. चहाचा कप अर्धाच भरायचा, एवढंच पथ्य. सही करायला बँकेत तीन कागद लागतात.

तर अक्षरं मी लावायची, असं न बोलता ठरलं.

आधी टी शोधायला निघालो. काश्मिरी गेटला मेट्रोच्या तीन लाइनी एकत्र येतात आणि बाहेर पडलं की स्पेअर पार्टचा बाजार सुरू होतो. या वस्तूला तिथे मोनोग्राम म्हणतात. 'बॅज' किंवा 'लोगो' म्हटलंत तर दुकानदार तुम्हाला दुसऱ्या दुकानात पाठवतो. "सिटी का मोनोग्राम, दस का मॉडल," म्हटल्यावर मुलाने न बघता मागच्या फळीवरून पुडी काढून दिली. एकटा टी मिळत नाही. "अकेला टी कौन लेता है?" पूर्ण संच दीडशेला. घरी आणून जुन्या अक्षरांशेजारी ठेवला तर नव्याची चमक निळसर, आणि उंची नखभर कमी. मी म्हटलं, चारही नवीन लावू, कुणाला कळणार आहे?

"तुला कळलं ना?" बाबा म्हणाले.

म्हणून पुढच्या शनिवारी मायापुरी. तिथे जुन्या गाड्या सुट्या करून विकणारी दुकानं आहेत: एकीकडे दारं, एकीकडे स्टिअरिंग, एकीकडे सीटांचा डोंगर. माझ्या डोक्यात मायापुरी म्हणजे अजूनही २०१० ची बातमी, विद्यापीठातलं जुनं यंत्र भंगारात आलं आणि त्यातल्या कोबाल्टच्या किरणोत्साराने माणूस दगावला ती. आमची गाडी त्याच वर्षीची. एका बोळात भिंतीला टेकवून ठेवलेल्या आठ-दहा डिक्या होत्या, पुस्तकांसारख्या उभ्या. त्यात एक आमच्याच मॉडेलची निघाली, राखाडी, चारही अक्षरं जागेवर. दुकानदाराला फक्त टी हवा म्हटल्यावर तो हसला. मग एका पोराला हाक मारली. पोराने पेचकस घातला असता. मी घाईने खिशातून दात साफ करायचा दोरा काढला.

हे मला तोवर बाबांकडून नाही, वाचून कळलं होतं. अक्षरामागे फोमचा दुहेरी टेप असतो. पेचकसाने उचकटलं तर रंग निघतो आणि अक्षर वाकतं. आधी ऊब द्यायची, घरी केस वाळवायचं यंत्र पुरतं, मायापुरीत ऊन पुरलं. मग दोरा अक्षराच्या मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. फोम कापला जातो, अक्षर अलगद हातात येतं. मागे उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून गोळा करायचा, रबराच्या चुऱ्यासारखा निघतो. थिनर लावायचा नाही, विशेषतः ताज्या रंगावर; आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे होतं. पोराने दोरा नीट बघून घेतला आणि विचारलं, हा मेडिकलमध्ये मिळतो का. टीचे शंभर रुपये घेतले. राखाडी डिकीवर टीच्या जागी मूळ रंग पंधरा वर्षं ऊन न लागलेला, आजूबाजूपेक्षा गडद, टीच्याच आकाराचा राहिला होता. तिचीही मुदत भरली असणार. मी फोटो काढला नाही, आता वाटतं काढायला हवा होता.

टी हातात आला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि मी त्याच संध्याकाळी लावायला निघालो होतो. टेपच्या वेष्टनावर मात्र लिहिलं होतं की १० अंशांच्या खाली लावू नका. चांगला पकडायला २१ ते ३८ अंश हवेत, आणि पूर्ण ताकद यायला तीन दिवस. दिल्लीचा जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना बेसमेंटमधला पत्रा कसा असतो हे सांगायला नको. शिवाय रंगही ताजा होता. बाबा म्हणाले, "होळीपर्यंत थांब." दिल्लीत सगळ्याच गोष्टी होळीपर्यंत थांबतात.

त्या दीड महिन्यात गाडी सी-आय-वाय अशीच फिरली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाने विचारलंही, हे नवीन मॉडेल का. बाबा मात्र रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये एक फेरी मारू लागले. गाडी चालवायची नाही म्हटल्यावर तिच्याभोवती चालणं उरलं असावं.

अक्षरं मूळ जागी नेमकी कुठे होती, हे आता आमच्या डिकीवर कळत नव्हतं, नवा रंग सगळं गिळून बसला होता. बाबांनी उपाय काढला: दुसऱ्या गाडीवरून ठसा घ्यायचा. सी टॉवरमधल्या एका सरदारजींची तीच गाडी, त्याच सुमाराची. बाबांनी आधी तिच्या डिकीची कड नखाने चाचपली, बिजागरीपाशी वाकून पाहिलं आणि जाहीर केलं की हिला रंगाचा हात लागलेला नाही, ही कारखान्यातली अक्षरं आहेत. मग मी तिच्या डिकीवर बटर पेपर चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागलो, लहानपणी नाण्यांवर कागद ठेवून घासायचो तसा. चौकीदार आला. त्याच्यामागे सरदारजी आले. "अंकलजी, ये क्या हो रहा है?" बाबांनी त्यांना हिंदीत समजावून सांगितलं, पंचावन्न वर्षांनंतरही बाबांची हिंदी वाईच्या घाटावरची आहे. सरदारजींनी ऐकून घेतलं, स्वतःच्या गाडीची अक्षरं पहिल्यांदाच नीट बघितली आणि विचारलं, "मेरा तो ठीक लगा है ना?"

बाबा म्हणाले, "टी थोडा..." आणि मी त्यांना कोपराने ढोसलं.

घरी जेवणाच्या टेबलावर बटर पेपर पसरला. मी पट्टी घेऊन मोजलं. तीन फटी, तिन्ही वेगळ्या. सगळ्यात अरुंद टी आणि वायची. मला ती कारखान्याची चूक वाटली आणि मी तसं म्हटलं. बाबांना बहुधा चाळीस वर्षं या वाक्याची वाट होती.

"अंतर मोजायचं नसतं, जागा मोजायची असते," ते म्हणाले. म्हणजे असं. टीचे हात वर पसरलेले, खाली एकच पाय. वायचंही तेच, वर दोन फांद्या, खाली एक खोड. ती दोघं शेजारी उभी राहिली की वर हात जवळजवळ लागतात आणि खाली दोन पायांमध्ये अंगण पडतं. डोळा ते अंगण बघतो, हातांमधली फट बघत नाही. सी आणि आयचं वेगळं. आय म्हणजे नुसती भिंत, आणि सी उघडं तोंड तिच्याकडे करून उभा. पट्टीने सगळ्यांमध्ये सारखं अंतर ठेवलं तर टी आणि वाय एकमेकांवर रुसल्यासारखे दिसतात. त्यांना जवळ आणायला लागतं, इतकं की मधलं अंगण बाकीच्या जागांएवढंच दिसेल. आमच्या पेंटरने टी नसतानाही त्याची जागा पट्टीने सोडली होती, म्हणून सगळं उसवल्यासारखं वाटत होतं.

"मराठीत हा त्रास कमी," बाबा म्हणाले. "शिरोरेषा सगळ्यांना हाताला धरून ठेवते. यांना कुणी धरलेलं नसतं."

मी गंमतीने म्हटलं, हे मला शाळेत असताना सांगितलं असतंत तर. ते म्हणाले, "सांगितलं होतं. डबा सांडलास."

रविवार, ९ मार्च. होळी शुक्रवारी होती, ऊन चढलं होतं. गाडी बेसमेंटमधून काढून झाडाच्या सावलीत, पण उजेडात लावली. मी डिकी धुतली, अल्कोहोलने पुसली. अक्षरांच्या पाठीला टेप लावून ब्लेडने कडेकडेने कापला. यात तास गेला, बोट कापलं, ते सांगण्यासारखं नाही. मग प्रश्न आला आधाररेषेचा. मी फोनमधलं लेव्हलचं ॲप काढलं. बाबांनी ते बघितलं आणि रस्त्याकडे बोट केलं. रस्ताच उतरता होता, गाडी तिरकी उभी, लेव्हल कुणाशी जुळवणार? डिकीची कड घ्यावी तर ती सरळ नाही, टोकाकडे वर वळते. जमिनीला समांतर सरळ रेषा मारली असती तर अक्षरं त्या वळणाखाली घसरत असल्यासारखी दिसली असती. नंबरप्लेटची खाच घ्यावी तर ती लांब. शेवटी बाबांनी डिकीच्या फटीपासून तीन ठिकाणी सारखं अंतर घेऊन खुणा करायला सांगितल्या आणि त्या खुणांवरून मास्किंग टेप ओढायला लावला, ताणून नाही, नुसता टेकवत, म्हणजे तो वळणाबरोबर वळतो. टेपची वरची कड म्हणजे ओळ. तिच्यावर अक्षरांनी पाय ठेवायचे. बटर पेपरमधून मी अक्षरांच्या खिडक्या कापल्या होत्या. तो वर लावला.

सी लागला. आय लागला. एकदा टेकला की फोम सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी श्वास धरायचा, आधी खालची कड टेकवायची, मग वरचा भाग, मग अंगठ्याने अर्धा मिनिट दाबायचं. वाय आधी लावायचा, टी शेवटी, असं बाबांनी सांगितलं. मधलं माणूस शेवटी बसवायचं म्हणजे दोन्हीकडे बघून बसतं.

टी हातात घेतला तेव्हा बाबा म्हणाले, "कागद काढ."

"कागद काढला तर जागा कशी कळेल?"

"कारखान्याचा टी उजवीकडे गेलाय. अर्धा मिलिमीटर. मी त्या दिवशीच सांगणार होतो."

मी म्हटलं, बाबा, हजारो गाड्यांवर तो तसाच आहे. कारखान्याने लावलाय. आपण दोघांनी आणि एका ठशाने काय नवीन शोधणार? माझा आवाज जरा चढला असावा, कारण वर बाल्कनीत आई दिसली. बाबा काही बोलले नाहीत. ते पाच-सहा पावलं मागे गेले आणि गाडीच्या बरोबर मागे, मध्यावर उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे, एकाने दुसऱ्याला धरलेलं, कंप दिसू नये म्हणून ते हल्ली असे उभे राहतात. डिसेंबरमध्ये त्या जागी मी उभा होतो.

हे मी अजून लिहिलं नव्हतं. बाबा गाडी मागे घेत होते आणि मी मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतो. त्याच वेळी ऑफिसमधून मेसेज आला, मी फोनकडे बघितलं आणि तोंडाने "येऊ द्या" चालूच ठेवलं. खांब बाबांनी आरशात बघायला हवा होता हे खरं. पण ते माझ्या आवाजावर गाडी घेत होते. घरी, गॅरेजमध्ये, चुलतभावाला, सगळ्यांना मी "बाबांनी ठोकली" असंच सांगितलं होतं, या लेखाची सुरुवातही मी तशीच केली आहे. बाबांनी ते एकदाही खोडून काढलं नाही.

मी बटर पेपर काढला. टी दोन बोटांत धरून पत्र्यापासून केसभर दूर ठेवला. पाठ त्यांच्याकडे होती, म्हणून म्हणता आलं. "बाबा, त्या दिवशी मी फोन बघत होतो."

मागून थोडा वेळ काही आलं नाही. रस्त्यावरून भाजीवाला गेला.

"माहितीये," ते म्हणाले. "डावीकडे घे."

मी डावीकडे घेतला.

"जास्त झाला. थोडा परत. ... थोडा. ... थांब. तिथेच. आता येऊ दे."

मी टेकवला आणि दाबून धरला. अर्ध्या मिनिटाऐवजी बराच वेळ धरला. मग मास्किंग टेप सोलून काढला, आम्ही दोघं मागे उभं राहून बघितलं. मला विचाराल तर सरदारजींच्या गाडीत आणि आमच्या गाडीत काही फरक दिसत नव्हता. आई खाली आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "आता जेवायला चला." बाबांनी तीन दिवस गाडी धुऊ नका म्हणून माळीबुवांनाही बजावलं, ज्यांचा गाडीशी काही संबंध नव्हता.

चुलतभाऊ एप्रिलमध्ये आला. एनओसी, विमा, प्रदूषणाचं प्रमाणपत्र अशी फाइल बाबांनीच लावून ठेवली होती, प्रत्येक कागदावर चिठ्ठी, चिठ्ठीवरचं अक्षर हललेलं. दीड हजार किलोमीटर, वाटेत दोन मुक्काम. निघताना बाबा पुढे आले नाहीत, गेटपाशीच उभे राहिले. गाडी वळेपर्यंत तिचा मागचाच भाग दिसत होता.

१ जुलैपासून दिल्लीत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर पेट्रोल बंद झालं, कॅमेरे लागले, दोन दिवस टीव्हीवर लोकांच्या उचललेल्या गाड्या दिसल्या, आणि आम्ही वेळेवर सुटलो म्हणून मला हुशारी वाटली. आठवडाभरात तो निर्णय पुढे ढकलला गेला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या वयावरून अशा गाड्यांवर सक्तीची कारवाई तूर्त नको. म्हणजे गाडी आणखी काही काळ इथेच राहू शकली असती. मी पेपर बाबांसमोर ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि विचारलं, साताऱ्याला पाऊस किती झाला. साताऱ्याच्या पावसात टेप टिकतो का, हा त्यामागचा प्रश्न होता.

मी भावाला फोटो मागितला. त्याने त्याच संध्याकाळी पाठवला: ओली डिकी, एमएच ११ ची नवी पाटी, वर चार अक्षरं. बाबांनी फोन घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करायला लागले. बोटं थरथरत असल्याने फोटो मोठा होई, लहान होई, उडून बाजूला जाई. मी करून देतो म्हटलं नाही. शेवटी टी आणि वाय पडद्याच्या मध्यावर आले, तसा त्यांनी फोन चष्म्याजवळ नेला.

"तिरका काढलाय," ते म्हणाले. "बाजूने काही कळत नाही. त्याला म्हणावं, बरोबर मागे उभा राहा आणि काढ."

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, पाऊस पडतोय, उद्या काढतो. बाबांनी खुणेने सांगितलं, आत्ता.